सहज कानावर घातलं

सोमवारी सकाळी नऊला पाच कमी असताना काटेकाका फाटकातून आत आले आणि खिडकीत उभ्या असलेल्या पत्रबाईंनी पडद्याची कड धरली. काका रोज याच वेळेला यायचे, त्यात नवल काही नव्हतं. नवल हे, की शुक्रवारी पत्रबाईंनीच त्यांना कामावरून कमी केलं होतं.

दुसरं नवल म्हणजे काका टी-शर्ट घालून आले होते.

निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांचा, दुकानातल्या घडीच्या खुणा अजून न मोडलेला. चालता चालता त्यांचा हात सवयीने गळ्यापाशी जात होता, तिथे बटण सापडत नव्हतं, मग उगाच हनुवटी खाजवून खाली येत होता. एकोणसाठाव्या वर्षी माणसाने पहिल्यांदा टी-शर्ट घातला की तो कसा दिसतो? रात्री मुक्कामाला थांबावं लागलं म्हणून यजमानाचे कपडे घातलेल्या पाहुण्यासारखा. पत्रबाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. पडदा ओढल्याने काही टळत नसतं, हे कळायचं त्यांचं वय केव्हाच होऊन गेलं होतं.

कंपनी वजनकाट्यांची. औषधवाले, सोनार, बियाणांच्या प्रयोगशाळा, ज्यांना चिमूटभर जास्त किंवा कमी चालत नाही अशा लोकांचे काटे इथे बनायचे. बनलेला प्रत्येक काटा शेवटी काटेकाकांच्या टेबलावर यायचा. चौतीस वर्षं यायचा. काका गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा घालत, बाह्यांना कोपराच्या वर रबरी पट्टा लावत आणि खिसा रिकामा ठेवत. लोकांना ती ऐट वाटे. ऐट कसली? काट्यावर वाकताना कॉलर लोंबली तर पारड्याला लागते, खिशातलं पेन घरंगळलं तर आठवड्याचं काम वाया जातं. पितळी वजनं ते चिमट्यानेच उचलत, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात भर घालतो. टापटीप हा त्यांच्या कामाचाच भाग होता, जसा सुताराला रंधा.

आणि त्या टेबलाचा एक नियम होता. थोरल्या मालकांनी घालून दिलेला. एका माणसाच्या शब्दावर काटा कंपनीबाहेर जायचा नाही. रिकाम्या पारड्यांवर काटा स्थिर झाला की काका उभे राहून म्हणायचे, "शून्य." दुसऱ्या कुणीतरी येऊन, वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि म्हणायचं, "आहे." मग काट्याच्या पोटात दोघांच्या सहीची चिठ्ठी चिकटवायची. ते दुसरं कुणीतरी म्हणजे पत्रबाई, कारण त्यांचं टेबल शेजारचंच. दोघांमध्ये काचेची अर्धी भिंत. इतक्या वर्षांत ते 'शून्य' आणि 'आहे' इतकं अंगवळणी पडलं होतं, की गुडघे धरल्यापासून बाई बसल्या जागेवरूनच 'आहे' म्हणायच्या. काका कधी चुकत नसत. मग उठबस कशाला?

पत्रबाई हे नाव कंपनीनेच पाडलेलं. नेमणूक, बढती, बदली, ताकीद, निरोप, सगळी पत्रं त्याच टंकायच्या. थोरल्यांचा दंडक असा, की कुणाला काढायचं असेल तर बंद खोलीत, समोर खुर्ची देऊन, पत्र मोठ्याने वाचून दाखवायचं. त्या दिवशी पत्रबाई काळा कोट घालायच्या. तो कोट ऑफिसच्याच कपाटात टांगलेला असे. लोक कोट बघूनच ओळखायचे, हबकायचे, रडायचे, एकदा एकाने पाण्याचा ग्लास भिंतीवर फोडला होता. कठीण असायचं ते. पण वाचून झालं की झालेलं असायचं. माणूस घरी जाऊन बायकोला सांगू शकायचा की, "अमुक तारखेपासून, अमुक कारणाने."

तीन वर्षांपूर्वी थोरले गेले आणि धाकट्यांचं राज्य आलं. धाकटे म्हणजे थोरल्यांचा मुलगा. वाईट नव्हता. आल्या आल्या त्याने सगळ्या खोल्यांची दारं काढली. जिथे नोंदवह्यांची कपाटं होती तिथे चहाचा कोपरा केला आणि त्यात दाण्यांच्या गोण्यांसारख्या बैठका टाकल्या. एकदा माणूस त्यात बसला की त्याला उठवायला दुसरा लागतो. स्वतः अर्ध्या चड्डीत आणि चपलांमध्ये फिरू लागला आणि जाहीर केलं, "इथे कुणी साहेब नाही. सगळ्यांनी मला अरे-तुरे करायचं. आपण एक कुटुंब आहोत." आणि कुटुंबच ठरल्यावर तोही सगळ्यांना तू म्हणायला लागला. पत्रबाईंनाही. ज्याचा पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज बाईंनी टंकला होता, तो आता लांबूनच ओरडायचा, "काय गं, कशी आहेस?"

बाईंनीही कडक साड्या आणि बंद गळ्याचे ब्लाऊज सोडून ढगळ कुडते घालायला सुरुवात केली. घरी मुलगी खूश झाली. "आई, किती मोकळी दिसतेस!" म्हणाली. मोकळी कसली? बाई दमल्या होत्या. पूर्वी संध्याकाळी घरी येऊन कपडे बदलले की ऑफिस अंगावरून उतरायचं. आता सकाळचे कपडे आणि रात्रीचे कपडे सारखेच. कधी सुट्टी, कधी काम, कधी गंमत आणि कधी हुकूम, काही कळेनासं झालं होतं. धाकटे हसत हसत येऊन म्हणायचे, "वेळ झाला तर सहज बघशील का?" आणि ते काम त्याच संध्याकाळपर्यंत हवं असायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा. जुन्या हुकमाला निदान हुकमाचं तोंड होतं, त्याला नाही म्हणता यायचं.

तर गेल्या गुरुवारी धाकटे बाईंच्या टेबलाच्या कडेवर येऊन बसले, पाय हलवत. आता बाहेरून तयार, आकडे दाखवणारे काटे यायचे, इथे फक्त खोक्यात भरायचे. जुन्या काट्यांचं काम आठवड्याला एक-दोन नगांवर आलं होतं. विभाग सोमवारपासून बंद. दुपारी दोनला टेम्पो येणार, टेबल आणि सामान उचलणार.

"आणि काका?" बाईंनी विचारलं.

"तेच तुला सांगायला आलो. तू बोल ना त्याच्याशी. पत्रबित्र नको हं, उगाच मरणकळा आणते ती भाषा. चहा घेता घेता सांग. सहज. मूड हलका ठेव."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. बाईंनी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर आतून त्यांना बरंच वाटलं. चौतीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसासमोर काळा कोट घालून उभं राहावं लागणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काकांनी औषधाच्या दुकानाचा एक काटा तपासला. "शून्य," ते म्हणाले. बाईंच्या डोक्यात दुपारचं चहाचं टेबल होतं. मान न वळवता त्या म्हणाल्या, "आहे."

दुपारी चहाच्या कोपऱ्यात खोकी भरणारी दोन पोरं मोबाईलवर काहीतरी बघून खिदळत होती. काका कप घेऊन उभे होते. त्या गोण्यांवर ते बसत नसत.

बाई हसत म्हणाल्या, "काय हो काका, किती कडक राहता! गळ्यापर्यंत बटणं. जरा सैल व्हा आता."

"सवय हो, बाई."

"तेच म्हणते. आता सगळंच बदलत चाललंय. तुमचा विभागही आवरायचं चाललंय म्हणे. तुम्हीही आता आराम करा की. सोमवारपासून कशाला ती दगदग? असं आपलं सहज कानावर घातलं."

"हो, हो," काका म्हणाले. मग कप विसळत म्हणाले, "हिचं डोळ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. दोन दिवस रजा लागेल."

बाई म्हणाल्या, "घ्या की." आणि जवळजवळ पळतच आपल्या टेबलावर आल्या.

धाकट्यांनी अंगठा उंचावून दाखवला. सुंठीवाचून खोकला गेला होता.

शनिवार-रविवार बाईंना झोप लागली नाही. मुलीने विचारलं, "काय झालंय?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं, असंच." आणि आता सोमवारी काका पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट घालून काचेच्या अर्ध्या भिंतीपलीकडे उभे होते.

"बाई, खरं सांगा, कसा दिसतोय?"

"चांगला आहे," बाई म्हणाल्या.

"ही म्हणाली, कंपनीत कुणी बोलून दाखवलं म्हणजे ऐकावं माणसाने. काल बाजारात जाऊन आणला. दोन आणलेत. उद्या दुसरा घालणार." काका टेबलावर वाकले, आणि टी-शर्टाचा ढगळ घोळ पारड्यावर येऊ लागला तसा त्यांनी तो डाव्या मुठीत धरला. एका हाताने टी-शर्ट, एका हाताने चिमटा. "थोडं अडचणीचं आहे. पण होईल सवय."

"काका, शुक्रवारी मी तुम्हाला जे बोलले…"

"कळलं की मला! पत्रबाई बोलल्या म्हणजे वरून आलं असणार. म्हटलं, एका सदऱ्यापायी वाईटपणा कशाला घ्या?"

"आणि ते विभागाचं बोलले ते?"

"त्याचं काय एवढं? चहावर लोक बरंच काही बोलतात. मागे ही पोरं म्हणत होती, गच्चीवर पोहायचा तलाव होणार." काका हसले. "तसं खरं काही असेल तर तुमचं पत्र येईलच ना. तुमच्या पत्राशिवाय इथे पान हलत नाही, मला काय माहीत नाही?"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना उठून जावंसं वाटत होतं, आणि उठवत नव्हतं.

थोड्या वेळाने ती दोन पोरं आली. त्यांना सगळं माहीत होतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, ज्याच्या त्याला सोडून सगळ्यांना कळलेल्या असतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने मोबाईल काढला. "काका, कसले भारी दिसताय! एक फोटो होऊन जाऊ दे!" काका लाजले, सरळ उभे राहिले, हात गळ्याशी नेला, खाली आणला. पोरं गेली आणि खोक्यांच्या आडून फस्सकन हसण्याचा आवाज आला. तो कुणाला हसल्याचा, काकांना की आपल्याला, हे बाईंना ठरवता आलं नाही. दोघांनाही असावा.

धाकटे लांबून येताना दिसले. काकांना पाहून थबकले, मोबाईल कानाला लावला आणि वळून निघून गेले. मोबाईल वाजला नव्हता. मिनिटभरात बाईंच्या मोबाईलवर त्यांचा निरोप आला: 'अजून कसा काय आला तो? तू बोललीस ना? परत एकदा सहज सांग. दोनला टेम्पो येतोय.' आणि शेवटी एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याकडे बघता बघता बाईंना इस्पितळातला तो जिना आठवला.

चार वर्षं झाली होती. त्या डबा घेऊन वर चालल्या होत्या. वळणावर एक तरुण डॉक्टर भिंतीला टेकून बिस्किट खात उभा होता. बाईंनी विचारलं, "खिडकीजवळच्या खाटेवरचे आता कसे आहेत?" तो चावत चावत म्हणाला, "ते? ते पहाटेच गेले ना. तुम्हाला कुणी बोललं नाही का?" आणि बाई म्हणाल्या, "बरं." बरं! जणू त्याने वेळ सांगितली होती. घरी येऊन त्यांनी संध्याकाळी दोन कप चहा टाकला. अंत्यविधी झाला, माणसं येऊन गेली, तरी कितीतरी दिवस बाईंना वाटत राहिलं की ही बातमी आपल्याला अजून नीट सांगितलीच गेलेली नाही. नुसती कानावर पडलीय. तो बिस्किट खाली ठेवता तर? भिंत सोडून दोन पायांवर सरळ उभा राहता तर? तेवढ्याने नवरा परत येणार नव्हता. पण तो गेला, एवढं तरी त्या दिवशी त्यांच्या हातात आलं असतं.

आणि आपण शुक्रवारी काय केलं? कप हातात धरून, हसत. आपणही बिस्किटच खात होतो, बाईंना वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेने इतका शीण आला की दोन मिनिटं त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी खण उघडला. कंपनीच्या नावाचा जुना कागद तळाशी होता, कडा पिवळ्या पडलेला. टंकायला अर्धा तास लागला. एका वाक्यासाठी तक्रारींच्या सगळ्या जुन्या फायली चाळाव्या लागल्या. ते वाक्य खरं आहे अशी खात्री झाल्यावरच त्यांनी ते लिहिलं.

धाकट्यांच्या खोलीला दार नव्हतं. बाईंनी चौकटीवर टकटक केली.

"अगं ये ना! टकटक काय करतेस?"

"साहेब, आपली सही हवी आहे."

'साहेब' ऐकून धाकटे आधी हसले, मग कागद पाहून हसायचे थांबले. "पत्र? मी म्हटलं होतं ना, लोक हबकतात पत्राने. त्यापेक्षा परत एकदा सहज…"

"शुक्रवारी सहजच बोलले. त्यांना कळलं नाही."

"न कळण्यासारखं काय होतं त्यात?"

"कळण्यासारखं तरी काय होतं?" बाई बसल्या नव्हत्या. गुडघे ठणकत होते तरी उभ्याच होत्या. "साहेब, तुम्हाला त्यांच्यासमोर जायची भीती वाटते. मलाही वाटते. आपण दोघांनी आपली भीती हसण्यावारी नेली आणि त्या माणसाने तिच्यापायी नवा टी-शर्ट विकत घेतला. नोकरी जाऊ नये म्हणून. उद्या दुसरा घालून येणार आहेत."

धाकट्यांनी टेबलाखाली चपलांतले पाय मागे ओढले. शाळेच्या अर्जावर फोटो चिकटवायला आला होता तेव्हाही हा मुलगा असाच पाय मागे ओढून बसला होता.

"मीच सांगायला हवं होतं का?"

"हो."

"मला नाही जमणार, बाई." त्यांनी पेन उचललं. सही करताना वर पाहिलं नाही. "तुम्ही… तुम्ही सांगाल ना नीट?"

तीन वर्षांनी त्यांच्या तोंडून 'तुम्ही' आलं होतं. एरवी बाईंना बरं वाटलं असतं. आता बरं वाटायचीसुद्धा ताकद नव्हती. त्या "हो" म्हणून वळल्या.

कपाटात कोट होता तिथेच होता. खिशात डांबराच्या गोळ्या, खांद्यावर धुळीची रेघ. बाईंनी कुडत्यावरच तो चढवला, बटणं लावली, केस सारखे केले आणि पावणेदोनला काचेची अर्धी भिंत ओलांडून काकांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. किती वर्षांनी त्या भिंतीच्या या बाजूला आल्या होत्या, देव जाणे.

काका डबा बंद करत होते. त्यांनी आधी कोट पाहिला, मग हातातला कागद. झाकण लागलेलं असतानाही ते दाबत राहिले.

"माझं?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

काका स्वतःच्या छातीवरच्या पट्ट्यांकडे बघू लागले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पाच मिनिटं थांबाल, बाई? असं नको."

ते आपल्या कपाटापाशी गेले. तिथे एक पांढरा सदरा कायम टांगलेला असे, तेलाचा डाग पडला तर बदलायला. त्यांनी पाठ करून टी-शर्ट काढला, त्याची नीट घडी घातली, सदरा चढवला. खालून वर एकेक बटण लावलं. शेवटचं गळ्याचं. बाह्यांना रबरी पट्टे लावले. मग येऊन टेबलामागे सरळ उभे राहिले.

"वाचा," ते म्हणाले.

बाईंनी वाचलं. आवाज पहिल्या ओळीला फाटला, मग त्यांनी सावरला.

"आपण या कंपनीत चौतीस वर्षे काट्यांच्या तपासणीचे काम केले. सदर विभाग आजपासून बंद करण्यात येत आहे. त्यामुळे आजचा दिवस हा आपल्या सेवेचा शेवटचा दिवस राहील. या निर्णयाचा आपल्या कामाशी किंवा वागणुकीशी कोणताही संबंध नाही. आपण तपासलेला एकही काटा आजवर तक्रार घेऊन परत आलेला नाही, याची कंपनीने नोंद घेतली आहे."

खोक्यांपाशी ती दोन पोरं उभी होती. हसत नव्हती. एकाने मोबाईल खिशात टाकला होता.

"म्हणजे उद्या यायचं नाही," काका म्हणाले.

"नाही, काका. उद्या यायचं नाही."

"रजेचं मग विचारायला नको." ते थोडं हसले, आणि ते हसू पुरं व्हायच्या आतच त्यांचे डोळे भरले. त्यांनी पुसले नाहीत. बाईंनीही दुसरीकडे पाहिलं नाही. एवढं तरी आपण केलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं.

बाहेर टेम्पोचा आवाज आला. पोरं पुढे झाली तशी काकांनी हात वर केला.

"हा शुक्रवारचा औषधवाल्यांचा काटा जायचाय, चिठ्ठी राहिलीय. असाच नाही जाऊ द्यायचा."

त्यांनी काचेचं झाकण लावून घेतलं. पारडी हलकेच डुलली, थांबली. काका उभे होतेच. म्हणाले, "शून्य."

बाईंचं तोंड सवयीने उघडलं, आणि तसंच राहिलं. त्यांनी चष्मा सारखा केला, टेबलाची कड धरली आणि वाकल्या. गुडघा कटकन वाजला. डोळे काट्याच्या रेषेत आणले. बघितलं. पुन्हा बघितलं.

"नाही, काका," त्या हळूच म्हणाल्या. "केसभर डावीकडे आहे."

काकांनी मान हलवली. झाकण उघडून त्यांनी बारीक चावी अर्ध्याहून कमी वळसा फिरवली, झाकण लावलं, थांबले.

"शून्य."

बाईंनी वाकूनच पाहिलं. "आहे."

काका चिठ्ठी लिहू लागले. खाली मान घालून म्हणाले, "महिन्यातून एखादा काटा मी मुद्दाम केसभर सरकवून ठेवायचो, बाई. तुम्ही उठता का बघायला. तुम्ही घरी गेलात की चावीने परत नीट करून जायचो. शुक्रवारी तेवढं राहून गेलं. डोक्यात टी-शर्ट होता." त्यांनी सही केली. "सात वर्षांत आज उठलात."

"मग… एकदाही बोलला का नाहीत मला?"

"कसं बोलणार?" काका म्हणाले. "तुमचे गुडघे दुखतात."

त्यांनी चिठ्ठी बाईंपुढे सरकवली आणि पेन दिलं. बाईंनी उभ्यानेच, पूर्ण नाव लिहून सही केली. मग काकांनी ते पत्र घेतलं, 'मिळाले' असं लिहून खाली तारीख टाकली, वेळही टाकली, आणि पोरांना म्हणाले, "आता उचला. पारड्याला हात लावू नका, खालून धरा."